रोग रेड्याला, इंजेक्शन पखालीला

सभासद बंधू-भगिनींनो,



हंगाम सुरू झाला की आपल्या सर्वांचे लक्ष तीन आकड्यांवर असते. रोजचे गाळप किती, उतारा किती आणि पहिली उचल किती. ते साहजिकच आहे, कारण आपला प्रपंच त्यावर चालतो. पण कारखान्याच्या मागल्या अंगाला, कुंपणाजवळ ज्या टाक्या आहेत, तिथेही काही आकडे रोज तयार होतात आणि ते मात्र कोणी विचारत नाही. हा सांडपाणी शुद्धीकरणाचा विभाग. कामगार त्याला नुसतं ‘ईटीपी’ म्हणतात. तिथे बदली झाली म्हणजे शिक्षा झाली, असे मानण्याची रीत अनेक कारखान्यांत आहे.

ह्या विभागाची आठवण होते कधी? ओढ्याला काळे पाणी आले, खालच्या वस्तीवरच्या विहिरीला वास मारू लागला, किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली म्हणजे. मग धावपळ सुरू होते. कोणी म्हणतो शेणाच्या चार ट्रॉल्या टाका, कोणी म्हणतो जिवाणूंची पुडी मागवा, कोणी म्हणतो चुना वाढवा. शेवटी एक कंत्राटदार येतो, टाक्यांभोवती एक फेरी मारतो आणि सांगतो, “साहेब, टाकी लहान पडते. नवीन बांधावी लागेल.” मग वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘सांडपाणी प्रकल्पाचे विस्तारीकरण व नूतनीकरण’ असा विषय येतो. आपण हात वर करतो, मंजूर, मंजूर म्हणतो आणि जेवायला जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की ह्या सगळ्या प्रकारात ‘रोग काय आहे?’ हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत होते. सांडपाण्याच्या टाकीत जो बिघाड दिसतो त्याचे मूळ पुष्कळदा टाकीत नसते. ते मिलहाउसात असते, बॉयलिंग हाउसात असते, नाहीतर साफसफाईच्या वेळापत्रकात असते. ते शोधायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. काचेचे एक मोजपात्र, एक घड्याळ आणि एक वही एवढ्याने निम्मे निदान होते. उरलेल्या निम्म्यासाठी वही उघडून बघणारा माणूस लागतो.

टाकीत नेमके चालते काय?

पुष्कळांची समजूत अशी, की टाकीत काहीतरी औषध टाकतात आणि पाणी स्वच्छ होते. तसे नाही. टाकीत जिवाणू असतात. पाण्यातली साखर, भुसा, काकवीचा अंश हे त्यांचे खाद्य. ते खाऊन पचवायला त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून पंखे लावून पाण्यात हवा मारतात. खाऊन-पिऊन जिवाणू वाढतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा तपकिरी गाळ बनतो. पुढच्या निवळणीच्या टाकीत हा गाळ खाली बसतो, वरचे निवळ पाणी बाहेर जाते आणि खालचा गाळ पुन्हा हवेच्या टाकीत परत घेतात. आपल्या बायामाणसांना हे लगेच कळेल. रोजच्या दह्यातले थोडे विरजणाला राखून ठेवायचे, तसाच हा प्रकार.

ही पद्धत सापडली ती इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरात. आर्डर्न आणि लॉकेट ह्या दोघांनी १९१४ साली ती जगापुढे मांडली. नुसती हवा मारून सांडपाणी पूर्ण शुद्ध व्हायला त्यांना सुरुवातीला पाचेक आठवडे लागले. पण खाली बसलेला गाळ फेकून न देता त्यांनी त्यावरच नवीन पाणी घेतले, पुन्हा घेतले, तेव्हा तेच काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. त्यांना ह्या वाटेला लावणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली आपल्याकडे बंगलोरच्या विज्ञान संस्थेत आले. म्हणजे ही विद्या आपल्या देशाला काही कालपरवाची नाही. आपल्या राज्यात नागपूरची ‘नीरी’ ही संस्था १९५८ पासून आणि पुण्याजवळ मांजरीची आपली साखर संस्था १९७५ पासून काम करीत आहे. सल्ला मिळत नाही, अशी तक्रार करायला जागा नाही.

तेव्हा टाकी म्हणजे गोठ्यातले जनावर समजा. म्हैस दूध द्यायची कमी झाली तर आपण काय करतो? काल काय खाल्लं, वैरण बदलली का, पाणी पिते का, रवंथ करते का, शेण कसं पडतंय, हे बघतो. दूध आटलं म्हणून नवा गोठा कोणी बांधत नाही.

दहा पोत्यांचा हिशेब

आता आकड्यांत बोलू. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये साखर कारखान्यांच्या सांडपाण्याचे नियम ठरवून दिले. एक टन ऊस गाळताना २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी व्हायला नको. शुद्ध केलेले पाणी जमिनीला द्यायचे तर त्याची बीओडी लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आणि नदी-ओढ्यात सोडायचे तर ३० च्या आत पाहिजे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल त्याचे माप.

रोज २,५०० टन गाळपाचा कारखाना धरा. टनाला २०० लिटरप्रमाणे रोज ५ लाख लिटर सांडपाणी झाले. त्याची बीओडी लिटरला १,००० मिलिग्रॅम धरली तर रोजचा बोजा ५०० किलो. ही झाली टाकीची रोजची वैरण.

आता समजा, पॅन जोरात उकळला, रस उसळून वाफेबरोबर कंडेन्सरच्या पाण्यात गेला. किंवा एखाद्या पंपाची ग्रंथी गळते आहे, किंवा काकवीची टाकी भरून वाहिली. त्यातून उसाच्या फक्त ०.०२ टक्के एवढी साखर गटारात गेली असे धरा. अहवालात उतारा दोन आकडी दशांशात छापतात. तिथे शेवटचा आकडा दोनाने खाली आला तर कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. पण २,५०० टनावर ०.०२ टक्के म्हणजे ५०० किलो, अर्थात ५० किलोची दहा पोती साखर, रोज! ती पचवायला टाकीवरचा बोजा एका दिवसात दीडपटीहून जास्त वाढतो. एक किलो साखर संपूर्ण पचायला सव्वा किलोच्या थोडा खाली प्राणवायू लागतो. एका पोत्याला ५६ किलो. पाण्यावर फिरणारा पंखा एका युनिट विजेत सुमारे एक ते सव्वा किलो प्राणवायू देतो. म्हणजे एक पोते साखर गटारात घालवायची आणि तिचे मढे जाळायला पन्नासेक युनिट वीज वर खर्च करायची. जिवाणूंच्या वाढीत काही साखर जाते, म्हणून प्रत्यक्षात वीज थोडी कमी लागेल. पण तो वाढलेला गाळही पुढे उचलावाच लागतो.

अशा वेळी टाकी काळी पडते, घाण वास सुटतो आणि आपण म्हणतो, टाकी लहान आहे. अहो, टाकी लहान नाही, साखर वाहते आहे! नवी टाकी बांधली तर ती साखर त्या टाकीत जाईल, एवढाच फरक. गळका हौद भरायला दुसरी मोटर बसवण्यातला हा शहाणपणा.

ही गळती पकडणे अवघड नाही. आपल्या प्रयोगशाळेत अल्फा-नॅफ्थॉलची परीक्षा रोज होते. बॉयलरच्या पाण्यात साखर गेली तर बॉयलर खराब होतो, म्हणून ते पाणी तपासतात. नळीत जांभळे कडे दिसले की साखर आहे असे समजायचे. हीच परीक्षा प्रत्येक विभागाच्या गटारावर, प्रत्येक पाळीत एकदा घेतली तर साखर कोणत्या विभागातून निसटते ते त्याच पाळीत कळेल. बॉयलरची जेवढी काळजी, तेवढी ओढ्याची का नको?

लक्षण बघून मूळ ओळखावे

मी पुढे काही लक्षणे देत आहे. ती सभासदांनाही कळावीत अशी आहेत, कारण डोळे, नाक आणि एक मोजपात्र एवढेच त्यांना लागते.

पहिले, वास. दोन वास वेगळे ओळखावेत. आंबूस, ताडीसारखा वास असेल तर साखर आंबते आहे आणि पाणी आम्ल होत चालले आहे. सांडपाणी पहिल्या साठवण टाकीत फार वेळ पडून राहिले, की असे होते. सडक्या अंड्यासारखा वास आणि काळा रंग असेल तर हवा संपली आहे. पहिल्याला उपाय म्हणजे पाणी साठवून न ठेवता सारखे पुढे चालवणे आणि चुन्याची मात्रा बघणे. दुसऱ्याला उपाय म्हणजे आलेला बोजा कमी करणे, किंवा बंद असलेला पंखा चालू करणे. हवेच्या टाकीत विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहिला पाहिजे. पंखा रात्री बंद आणि साहेब यायच्या वेळी चालू, असे कुठे होत असेल तर त्याला कोणतीही पुडी उपयोगी पडणार नाही.

दुसरे, फेस. हंगामाच्या आरंभी पांढरा, साबणासारखा फेस येतो. गाळ अजून कोवळा आणि थोडा आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यावेळी गाळ बाहेर काढू नये, वाढू द्यावा. पुढे जाड, तपकिरी, तेलकट साय आली तर गाळ म्हातारा झाला आहे किंवा मिलच्या बेअरिंगचे तेल-ग्रीस आत येते आहे. तेलाचा सापळा साफ आहे का, हे आधी बघावे. दोन्हीला ‘फेस’च म्हणतात, पण एकाला गाळ राखायचा आणि दुसऱ्याला काढायचा. नाव एक, औषध उलटे.

तिसरे, अचानक मरण. कालपर्यंत टाकी ठीक होती, आज पाणी गढूळ आणि गाळ विस्कटलेला. अशा वेळी कॅलेंडर बघावे. बाष्पीभवनाच्या बॉड्या कॉस्टिक सोड्याने उकळून साफ केल्या तो दिवस आणि टाकी मेली तो दिवस, हे शेजारी-शेजारी दिसतात का? जिवाणूंना सामू साधारण साडेसहा ते साडेआठ लागतो. कॉस्टिकचे पाणी एका दमात सोडले तर ते मरणारच. ते वेगळ्या टाकीत धरून चार-पाच दिवस थोडे-थोडे सोडले तर काही होत नाही. खर्च एका छोट्या टाकीचा आणि एका व्हॉल्व्हचा.

चौथे, आणि सर्वांत जास्त फसवणारे, न बसणारा गाळ. पाणी शुद्ध होते, वासही नसतो, पण निवळणीच्या टाकीत गाळ खाली बसत नाही. कापसासारखा फुगून पाण्याबरोबर वाहून जातो. इथे मोजपात्र कामाला येते. हवेच्या टाकीतले एक लिटर पाणी त्यात घ्यावे आणि अर्धा तास हलवू नये. चांगला गाळ २०० ते ३०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत खाली येतो. आठशेवरच अडकला तर कारणे दोन असू शकतात. एक तर गाळ नुसता दाट झाला आहे, नाहीतर त्यात सुतासारखे लांब जिवाणू माजले आहेत. कोणते, ते कसे ओळखायचे? तेच पाणी अर्धे घ्यावे, त्यात तेवढेच निवळलेले पाणी मिसळावे आणि पुन्हा अर्धा तास ठेवावे. आता गाळ झरझर अर्ध्याच्याही बराच खाली बसला, तर तो दाटच होता, थोडा बाहेर काढावा. तरीही फुगूनच राहिला तर सुताळ जिवाणूंचा माज आहे. महाविद्यालयात असते तसल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते सूत डोळ्यांना दिसतेही.

हा माज साखर कारखान्यांत का होतो? कारण आपल्या सांडपाण्यात साखर भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसते. आपण शेतकरी, आपल्याला हे सांगायला नको. नुसते पाणी दिले आणि खत दिलेच नाही तर ऊस कसा येईल? जिवाणूंचा ठोकताळा असा, की बीओडीच्या १०० भागांना ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद लागते. वरच्या उदाहरणात रोजची बीओडी ५०० किलो होती. त्याला नत्र २५ किलो आणि स्फुरद ५ किलो लागेल. पाच किलो स्फुरद म्हणजे २५ किलो डीएपी. त्यातून साडेचार किलो नत्रही मिळते. उरलेल्या साडेवीस किलो नत्राला साधारण ४५ किलो युरिया लागतो. म्हणजे रोजची एक गोणी युरिया आणि अर्धी गोणी डीएपी. त्यातही पाण्यात आधीपासून किती आहे ते तपासून तेवढे कमी करता येते. एवढ्या खर्चासाठी आपण लाखोंची टाकी बांधायची का?

पण अती तेथे माती, हेही खरे. युरिया जास्त झाला तर दुसरीच खूण दिसते. मोजपात्रात गाळ आधी छान बसतो आणि तास-दोन तासांनी बुडबुडे घेऊन ढेकळासारखा वर येतो. खालच्या गाळात हवा संपल्यावर नत्राचा वायू सुटतो, तो गाळाला वर उचलतो. म्हणून मोजपात्र अर्ध्या तासाने लगेच धुऊन ठेवू नये, आणखी दोन तास तसेच राहू द्यावे.

पाचवे, हंगामाची सुरुवात. सहा-सात महिने टाकी उपाशी असते. गाळप सुरू झाल्याच्या दिवशी पूर्ण बोजा अंगावर पडला तर ती झेपणार कशी? बॉयलर पेटवायच्या तयारीबरोबरच टाकीची तयारी सुरू झाली पाहिजे. शेण किंवा चालू प्रकल्पातला गाळ आणून विरजण लावावे, थोडे खाद्य द्यावे आणि रोज वाढवत न्यावे. मोळी टाकण्याच्या समारंभाला जो मुहूर्त बघतो, त्याच्या तीन-चार आठवडे आधीचा मुहूर्त ह्या कामाला हवा.

नाशिकचा फेस काय शिकवतो

निदान न करता बोलण्याची सवय फक्त कारखान्यांनाच आहे असे नाही. आपल्या गोदावरीचेच बघा. नाशिक महापालिकेने तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथे मलजल शुद्धीकरण केंद्रे बांधली. ती मुख्यतः ‘यूएएसबी’ पद्धतीची. ह्यात हवा मारीत नाहीत. पाणी खालून वर, गाळाच्या थरातून चढवतात. गंमत अशी, की ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात हॉलंडमध्ये लेटिंगा ह्या प्राध्यापकाने बसवली आणि तिचे सुरुवातीचे प्रयोग बीटाच्या साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर झाले. म्हणजे साखरधंद्याने शहरांना दिलेली ही देणगीच म्हणायची. वीज कमी लागते आणि वायू मिळतो, हे तिचे मोठे गुण.

तरीही तपोवनाखाली नदीवर फेस दिसतो, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. गोदावरीच्या प्रदूषणाचा वाद २०१२ मध्ये जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. फेस दिसला, की लोक म्हणतात केंद्र बंदच आहे. असेलही एखाद्या दिवशी. पण फेसाची कारणे तीन तरी संभवतात. कपडे धुण्याच्या पावडरीत फेस आणणारा जो पदार्थ असतो तो हवेशिवायच्या टाकीत पचत नाही, त्याला पुढे हवेची पायरी लागते. तेव्हा केंद्र नीट चालू असतानाही फेस येऊ शकतो. दुसरे, काही नाल्यांचे पाणी केंद्रात न येता थेट नदीला मिळते. तिसरे, मूळ आखणी बीओडी ३० पर्यंत आणण्याची आणि पुढे अपेक्षा १० ची झाली. बैल तोच, ओझे वाढले. ह्या तिन्हींची औषधे वेगळी : एकाला जोड टाकी, दुसऱ्याला गटारवाहिनी, तिसऱ्याला खरोखरच नवा प्रकल्प. फेस बघून तिघांना एकच औषध देऊन कसे चालेल?

आणि हे पाणी शेवटी जाते कुठे? आपल्याच निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरला, जिथे गोदावरी आणि कादवा मिळतात. जानेवारी २०२० मध्ये त्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले, महाराष्ट्रात पहिले. नाशिकचे पाणी, गावांचे पाणी आणि कारखान्यांचे पाणी तिथे एकत्र येते. शहराकडे बोट दाखवताना आपली तीन बोटे कुठे वळली आहेत, ते आपणही बघितले पाहिजे.

आकडे असून नसल्यासारखे

कोणी म्हणेल, आता तर सांडपाण्याच्या तोंडाशी चोवीस तास मोजणारी यंत्रे आहेत. खरे आहे. केंद्रीय मंडळाने २०१४ साली साखर आणि आसवनी धरून सतरा प्रकारच्या उद्योगांना ती बसवायला सांगितली. पण ते यंत्र दारावरच्या रखवालदारासारखे आहे. चोर बाहेर पडताना ते दाखवते, घरात कुठे घुसला ते सांगत नाही. बीओडीचा तर निकालच तीन दिवसांनी येतो, कारण २७ अंश उष्णतेला तीन दिवस बाटली ठेवूनच ती परीक्षा करतात. तोपर्यंत ते पाणी ओढ्याने कुठल्या कुठे गेलेले असते. तो अहवाल म्हणजे शवविच्छेदनच. आजची नाडी आज सांगणारे साधन म्हणजे अर्ध्या तासाचे मोजपात्र, सामूची पट्टी आणि प्राणवायूचे माप.

आकडा बसवण्यासाठी सांडपाण्यात विहिरीचे चांगले पाणी मिसळणे हा तर गुन्हाच समजावा. त्याने घाण कमी होत नाही, फक्त पातळ होते, आणि टनाला २०० लिटरची मर्यादा मोडते ती वेगळीच. शुद्ध केलेले पाणी शेताला देतानाही जमिनीचे पोट बघावे लागते. आपल्या काळ्या भारी जमिनीला नियमाप्रमाणे हेक्टरी रोज ३५ ते ५५ घनमीटरच पाणी देता येते. रोज ५०० घनमीटर पाण्याला किमान नऊ-दहा हेक्टर रान लागेल. दोन एकरांत रोज तेच पाणी सोडत राहिलो तर ती जमीन चोपण होणार, आणि ती आपल्याच कुणा सभासदाची असेल.

मळीच्या पाण्याचा, म्हणजे आसवनीच्या स्पेंटवॉशचा विषय मी मुद्दाम घेतलेला नाही. त्याची तीव्रता ह्या पाण्याच्या कितीतरी पट आहे आणि त्याचे नियम स्वतंत्र आहेत. पण निदानाची रीत तीच.

खरोखर टाकी लहान असेल तर?

असूही शकते. आपल्याकडचे बरेच कारखाने रोज १,२५० टन गाळपासाठी उभे राहिले, पुढे दुप्पट-चौपट झाले. मिल वाढली, बॉयलर वाढला, टाकी मात्र जुनीच राहिली, असे कुठे असेल तर खर्च केलाच पाहिजे, आणि मी स्वतः पहिला हात वर करीन. माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. आधी गळती बंद करा, खत द्या, कॉस्टिक वेगळे धरा, पंखे चालू ठेवा. ह्यानंतरही एका हंगामाच्या वहीत बोजा टाकीच्या ताकदीबाहेर दिसला तर विस्तार करा. वहीशिवाय आलेला प्रस्ताव मात्र सभेने परत पाठवावा.

“सभासदांना ह्यातलं काय कळतं?” असे काही अधिकारी म्हणतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की उतारा म्हणजे काय हेही आम्हाला एकेकाळी कळत नव्हते. अहवालात दरवर्षी छापून येऊ लागला, दर त्यावर ठरू लागला, तेव्हा आज शाळेत न गेलेला सभासदही दशांशापर्यंत वाद घालतो. जे छापाल ते कळेल. जे लपवाल त्याची अफवा होईल.

म्हणून संचालक मंडळाला आणि आपणा सर्वांना माझ्या पाच सूचना आहेत. सांडपाण्याची वही रोज लिहावी, तिच्यात बोजा, सामू, प्राणवायू, मोजपात्राची खूण आणि दिलेले खत हे असावे. तिच्या शेजारच्या रकान्यात त्या दिवशी कारखान्यात काय झाले तेही लिहावे : साफसफाई, बंद पडलेली मिल, सांडलेली काकवी. प्रत्येक विभागाच्या गटारावर पाळीला एकदा साखरेची परीक्षा व्हावी. दरमहाचे आकडे ह्या पत्रिकेत, गाळप आणि उताऱ्याच्या खालीच छापावेत. आणि ईटीपीवर चांगला, शिकलेला माणूस कायम नेमावा, त्याला मिलच्या फोरमनला प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा. शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे.

ह्यात आपले काय अडकले आहे, हे विसरू नका. पाणी कायद्यातील १९८८ च्या दुरुस्तीपासून मंडळाला कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देता येतो. ऐन हंगामात आठ दिवस गाळप थांबले तर तोडलेला ऊस रानात वाळतो आणि टोळ्या दुसरीकडे जातात. आपल्या जिल्ह्याने निफाड, नाशिक, रानवड, गिरणा, वसाका ह्या कारखान्यांचे बंद पडलेले हंगाम पाहिले आहेत. त्यांची कारणे वेगळी होती, पण धुराडे थंड पडले म्हणजे शेतकऱ्याच्या घरी काय होते, ते आपल्याला कोणी सांगायला नको. आणि ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी बिघडले तर तिथे पाणी भरणारी माउली आपल्याच सभासदाच्या घरातली असते. ती नोटीस पाठवीत नाही, एवढाच फरक.

येत्या सभेत उतारा विचाराल तेव्हा त्याच दमात विचारा, “मोजपात्रात गाळ कितीवर बसतो?” उत्तर देता आले तर टाळ्या वाजवा. नाही आले तर वही मागा.

कळावे, लोभ असावा. जय सहकार!

— एक ऊस उत्पादक सभासद